चाळीस फॅटची म्हैस

खवावाल्याचा हिशेब नुसत्या टॅली सॉफ्टवेअरमध्ये बसत नाही, आणि त्या न बसण्यावरच माझं घर चाललं. भूम तालुक्यात पाऊस बेभरवशाचा, म्हणून दुधाचा आधार मोठा, आणि बरंचसं दूध इथंच भट्टीवर आटतं. कुंथलगिरीच्या खव्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. भट्टीवाल्याचा रोजचा प्रश्न मात्र जुनाच आहे: आज एवढं लिटर दूध घेतलं, मग खवा एवढाच का उतरला?

टॅलीत उत्पादनाची नोंद होते. बिल ऑफ मटेरियलमध्ये पाच लिटरला किलो असं प्रमाण एकदा भरून ठेवता येतं. पण म्हैस काही ते वाचून दूध देत नाही. सहा फॅटचा उतारा वेगळा, साडेसातचा वेगळा, गाईचं दूध मिसळलं की आणखी तिसराच. म्हणून खरेदीच्या प्रत्येक ओळीवर फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून उरलेले घन घटक, भरायची सोय मी टीडीएल या टॅलीच्या भाषेत लिहून द्यायची, आणि अपेक्षित उतारा व हाती आलेला खवा समोरासमोर दाखवणारा रिपोर्ट काढायचा. शिवाय दर दहा दिवसांनी दुधाचा पगार काढताना पेंडीची उचल त्यातून वजा झाली पाहिजे. यातलं अवघड काहीच नाही. रिपोर्ट चुकला तर दुसरा लिहिता येतो. मला आजवर छळलं ते यूडीएफच्या, म्हणजे आपण जोडलेल्या फिल्डच्या, नंबरानं.

या धंद्यातल्यांना माहीत आहे, तरी माझा त्रागा कळावा म्हणून सांगतो. आपण जोडलेल्या फिल्डला नाव काहीही द्या, टॅली ते साठवतं प्रकार आणि क्रमांक यांवर. ३० ते ९९९ हे क्रमांक कंपनीचे. आपल्याला १ ते २९, आणि पुढं १००० ते ६५५३६. एवढं मोकळं रान असताना निम्मी मंडळी १००१ पासूनच सुरुवात करतात, कारण शिकवणीच्या उदाहरणात तसं असतं. एकाच गिऱ्हाइकाकडं दोघांची जोडकामं बसली, प्रकार एक आणि क्रमांकही एक निघाला, तर दोन्ही फिल्डं एकाच जागी लिहितात. चूक झाल्याचा संदेश येत नाही. काही अडत नाही. फक्त एकाचं दुसऱ्यात दिसू लागतं.

आमच्याकडच्या एका खवाव्यापाऱ्यानं माझ्याकडं यायच्या आधी फॅटचं फिल्ड एकाकडून करून घेतलं होतं आणि डब्यांच्या हिशेबाचं दुसऱ्याकडून. दोघांचा क्रमांक तोच. शेठ जुनं व्हाउचर उघडून मला म्हणाले, "सर, आपल्या भागात चाळीस फॅटची म्हैस कवा आली?" ते हसत होते, मला घाम फुटला होता. डब्यांची संख्या फॅटवर जाऊन बसलेली, आणि मूळ फॅट कायमची गेलेली. जी व्हाउचरं नंतर कुणी उघडून सेव्ह केली नव्हती तेवढीच शाबूत. कोणती ती ओळखायची कशी? मी म्हशीच्या दुधाला बारापेक्षा जास्त फॅट असेल ते संशयित धरलं. पण एखाद्या दिवशी डबे सातच असतील तर? ते सात खरे की खोटे, हे मला अजून सांगता येत नाही. शेवटी संकलनाच्या वहीवरून मुनिमांनी पडताळलं, आणि वहीत फॅट पेन्सिलीनं लिहिलेली.

दोघांनीही फक्त टीसीपी फाइल देऊन ठेवली होती, मूळ मजकूर नाही. लॉक केलेली फाइल द्यायची, लांबूनच स्क्रीन ताब्यात घेऊन बसवायची, फोन उचलायचा नाही, ही आताची पद्धत झाली आहे. असं करणाऱ्यांना कारागीर म्हणायला माझी जीभ वळत नाही. टॅलीत आधीपासून असलेली बॅचची सोयही काही जण जोडकाम म्हणून विकतात. दुसऱ्याच्या फॉर्ममध्ये ओळ घालणं म्हणजे भाड्याच्या घरात खिळा ठोकणं; तो कुठं ठोकला हे पुढच्या भाडेकरूला कळायला हवं. २०२० च्या नोव्हेंबरात टॅलीप्राइम आलं, पडद्याची मांडणी बदलली, तेव्हा ज्यांनी मूळ व्याख्यांना कमीत कमी हात लावला होता ते निभावले. मी निभावलो, आणि हे मी लोकांना जरा जास्त वेळा सांगतो.

जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये धाराशिव झालं तेव्हा बिलावरचा पत्ता सगळ्यांनी एका झटक्यात बदलला. मी व्हाउचरच्या तारखेवर अट घातली: जुनं बिल पुन्हा छापलं तर उस्मानाबादच येईल. कुणी मागितलं नव्हतं. कुणाच्या लक्षातही आलेलं नाही.

गेल्या वर्षापासून भाची माझ्या टेबलाशेजारी काम शिकते. तिला मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं इआरपीनेक्स्ट आवडतं. तिथं फिल्डला क्रमांक नाही, नाव असतं. मूळ मजकूर सगळ्यांसमोर उघडा. मी ऐकून घेतो, आतून जळतो. एके दिवशी ती एका गिऱ्हाइकाचा डेटा एक्सएमएलमध्ये काढून वाचत बसली होती. जोडकाम काढून टाकलं तरी त्यातली माहिती मागं राहते, नाव पुसलं जातं आणि उरतो तो क्रमांक. "मामा, तुमचे सगळे नंबर २५ हजारांच्या पुढंच कसे?"

मी सांगितलं, टक्कर टाळायला. ते खरं आहे, पण अर्धं. गाडीच्या पाटीवर एमएच २५ असतं, म्हणून २५००१. उद्या कुणी माझं काम काढून फेकलं, तरी डेटा उघडणाऱ्याला कळावं की इथं धाराशिवकडचा एक माणूस येऊन गेला. न विचारता घातलेली सही.

तिला ते इतकं आवडलं की तिनं कागदावर सगळी योजनाच मांडली. सोलापूरचे १३ हजारांपासून, बीडचे २३, लातूरचे २४. राज्यातले सगळे आरटीओ क्रमांक ६५५३६ च्या आत बसतात. सगळ्या टीडीएलवाल्यांना कळवू, म्हणाली, म्हणजे जिल्ह्याबाहेरच्याशी टक्कर नाही, आणि जिल्ह्यातल्यांनी आपापसांत शंभर-शंभर वाटून घ्यावेत. योजनेत खोट काढता येत नाही. मी दोन महिने खोट शोधतोय. ती पाठवायला निघाली की मी म्हणतो, थांब, जरा तपासू. २५ हजार जिल्ह्याचे झाले की माझ्या वाट्याला त्यातले शंभर येणार, आणि मला ते नको आहे.