सोलापूरचं लग्न आणि एक अर्धी राहिलेली गोष्ट

मैत्रिणींनो, चार बायकांत बसलं की मला एक प्रश्न हमखास येतो. "तुम्हाला हे असलं सुचतं तरी कसं हो?" 'असलं' म्हणजे मी लिहिते त्या गोष्टी. दोनशे वर्षं उशिरा पोचलेलं प्रेमपत्र, आरशातून हाक मारणारा नवरा, चंद्रावर मांडलेला संसार! अद्भुतरम्य प्रेमकथा म्हणा हवं तर. आपल्या मराठीला त्या काही नव्या नाहीत. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' आली ती १८६१ साली. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला जयंत नारळीकरांनी टोपणनावानं 'कृष्णविवर' ही कथा पाठवली आणि बक्षीस मिळवलं. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञालासुद्धा गोष्ट सांगायचा मोह आवरला नाही, मग माझी काय कथा!

पण खरं सांगू? त्या वर्षी मला काहीच सुचत नव्हतं. दिवाळी अंकालाही नाही म्हणून कळवून बसले होते. कागद समोर ठेवावा, आणि धोब्याचा हिशोब लिहून उठावं, अशी गत. त्यात सोलापूरच्या वन्संचं पत्र आलं, "संक्रांतीला ये. यंदा घर फार मोठं वाटतंय." त्यांचे यजमान उन्हाळ्यात गेले होते. त्यांची ही तशी पहिलीच संक्रांत. तिळाचे लाडू डब्यात भरले आणि रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं निघाले.

सोलापूर म्हटलं की आपल्याला चादर आठवते, हो ना? वन्संच्या शेजारी एक विणकर राहतात, घरी तेलुगू बोलणारे. त्यांनी मला माग दाखवला. चादरीवरची नक्षी आधी पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवर भोकं पाडून 'लिहितात'. जिथं भोक, तिथं ताण्याचा धागा वर उचलला जातो. पट्ट्यांची माळ फिरत राहते आणि खाली मोर उमटत जातो. मी विचारलं, "या पट्ट्यांत कुणी चिठ्ठी लिहिली तर?" ते हसून म्हणाले, "विणली जाईल की! वाचणारा पाहिजे." बघा, गोष्टीचं एक बी तिथंच पदरात पडलं. घरच्या चादरीकडं कधी तसं पाहिलं होतं का आपण?

खरी गोष्ट मात्र दुसऱ्या दिवशी भेटली. भोगीचा दिवस. सकाळी बाजरीची तीळ लावलेली भाकरी आणि लेकुरवाळी भाजी खाल्ली, आणि वन्सं म्हणाल्या, "चल, लग्नाला जायचंय."

लग्न कुणाचं? एका काठीचं!

बाराव्या शतकात इथं सिद्धरामेश्वर होऊन गेले. बसवेश्वरांच्या काळातले योगी, कन्नड वचनं रचणारे. त्यांनी गावाभोवती अडुसष्ट लिंगं स्थापली, भक्तांना घेऊन तळं खोदलं. कथा अशी, की एका कुंभाराच्या मुलीचं मन या योग्यावर जडलं. ती रोज अंगण झाडायची, सडा-रांगोळी करायची, आणि शेवटी धीर करून लग्नाचंच विचारलं. योगी संसार कसा करणार? पण मुलगी मागं हटेना. तेव्हा ते म्हणाले, माझ्या योगदंडाशी लग्न लाव.

ते लग्न सोलापूरकर अजून दरवर्षी लावतात. बाळीवेशीजवळच्या हिरेहब्बू वाड्यातून सात नंदीध्वज निघतात. उंचच उंच काठ्या, त्यांना बाशिंगं, हार, आणि त्या पेलणारी पांढऱ्या बाराबंदीतली माणसं. तळ्याकाठच्या संमती कट्ट्यापाशी मिरवणूक आली, संमतीचं वाचन झालं, आणि लाखो हातांनी अक्षता उधळल्या. आभाळ क्षणभर पिवळं झालं! मराठी, कन्नड, तेलुगू, सगळ्या भाषा एका सुरात गजर करत होत्या.

मी सहज शेजारी पाहिलं. वन्सं मूठ भरून अक्षता टाकत होत्या, डोळे भरलेले. "अगं, उन्हाळ्यापासून कुठल्या लग्नात कुणी माझ्या हातात अक्षता दिल्या नाहीत," त्या म्हणाल्या. "उद्या हळदीकुंकवाला मी मागच्या खोलीतच बसायची. हे एवढं एकच लग्न, जिथं कुणी मला मागं सर म्हणत नाही." मला बोलवेना. पदराच्या गाठीतल्या माझ्याही अक्षता मी त्यांच्या ओंजळीत घातल्या.

पण कथा इथं संपत नाही. दुसऱ्या दिवशी, संक्रांतीच्या संध्याकाळी होम मैदानावर होम होतो. बाजरीच्या पेंढीला शालू नेसवतात, बांगड्या, मंगळसूत्र घालतात. ती पेंढी म्हणजे कुंभारकन्या. आणि ती अग्नीला देतात, कारण कथेतली मुलगी लग्नानंतर सती गेली. गर्दी हात जोडून उभी होती. माझ्या मात्र पोटात कालवलं. पेटत्या पेंढीकडं पाहात वन्सं हळूच म्हणाल्या, "नवऱ्याच्या मागं बाई उरली, तर तिचं काय करायचं हे लोकांना पहिल्यापासूनच कळलेलं नाही बघ." आणि मग, "तू लिहितेस ना? हिला जगव की गं एकदा."

त्या रात्री वन्संच्या माजघरात मी वही उघडली. लग्न आणि होम यांच्या मधली एक रात्र. त्या रात्री ती मुलगी काय बोलली असेल त्या काठीशी? काठी काय म्हणाली असेल? पहाटे मातीचं चाक कुणी फिरवलं? मी ऐकलेल्या कथेत तिला नावसुद्धा नव्हतं. मी दिलं. पहाटेपर्यंत अकरा पानं झाली. पहिली वन्संनी वाचली, चहा गार होईपर्यंत.

निघण्याआधी त्यांनी मला भैय्या चौकातलं डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारकही दाखवलं. १९१० साली इथं जन्मलेला हा मुलगा १९३८ मध्ये चीनला जखमींची शुश्रूषा करायला गेला, तिथल्या क्वो छिंगलान या परिचारिकेशी १९४१ साली लग्न केलं, आणि पुढच्याच वर्षी वारला. तीही मागं उरली, पण जगली, मुलाला घेऊन. खऱ्याची आणि अद्भुताची गाठ सोलापुरात अशी पावलोपावली पडते.

तेव्हा मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कुणी चोरून वही भरत असाल, आणि "सुचत नाही" म्हणून खट्टू असाल, तर माझं ऐका. आपल्याच गावच्या जत्रेत जा, आजीला जुनी कथा पुन्हा सांगायला लावा, आणि ती जिथं घाईनं पुढं सरकते तिथंच तिला थांबवा. गोष्ट तिथं असते.

आणि सोलापूरला जाल तर भोगीच्या आदल्या दिवशीच पोचा, दुसऱ्या दिवशी गर्दीत पाय ठेवायला जागा नसते. येताना शेंगाची चटणी आणि कडक भाकरी बांधून आणा, दोन्ही प्रवासात टिकतात. आणि शेजारीपाजारी एखाद्या वन्सं असतील, तर संक्रांतीला त्यांना मागच्या खोलीत बसवू नका. वाणाचं पहिलं ताट त्यांच्या हाती द्या.