आत्याबाईच्या मिशा

विजेतेपदाचा ‘खरा दावेदार’ या शब्दांत खटकतो तो ‘खरा’. २०१२-१३च्या फुटबॉलच्या आय-लीगमध्ये पुणे एफसी दुसरा आला. चर्चिल ब्रदर्सचे गुण ५५, पुण्याचे ५२. २६ सामन्यांनंतर अंतर एका विजयाचं. प्रशिक्षक होते डेरिक परेरा, म्हणजे २००५-०६ साली मुंबईच्या महिंद्र युनायटेडला राष्ट्रीय लीग जिंकून देणारे. तरी पुण्याचं नाव काढलं की उत्तर ठरलेलं: दुसरा तो दुसरा. आमच्या पाथर्डीकडे हे चटकन पटतं. इथं कुस्तीच्या हगाम्यात पाठ लागली की निकाल, आणि कुणीच चीत होईना तर कुस्ती बरोबरीत सोडवतात. पण लीगमध्ये पाठ लागते कुणाची? शिवाय त्याच हंगामात मोहन बागान हा संघ ९ डिसेंबर २०१२च्या सामन्यात उत्तरार्धाला मैदानात उतरलाच नाही, आणि पुढं त्याचे गुण शून्यावर आणले गेले. तेव्हा गुणतक्ताच नासला, असा आक्षेप येईल. येऊ दे, बागानच्या शून्यानं पुण्याचे ५२ काही फुगले नव्हते.

बागान तेव्हा उतरला असता तर, असा जर-तर सुरू झाला की आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं, ही म्हण तोंडावर फेकली जाते. म्हण वाटते तेवढी उडाणटप्पू नाही. ती मामा म्हणत नाही, काकाच म्हणते. बापाची बाजू सोडत नाही. बाकी सगळं जागच्या जागी ठेवून एकच गोष्ट बदलायची, हा जर-तरचा कडक नियम ती पाळते. आणि काका झाल्यानं आत्याला मिळालं काय असतं? जमिनीत वाटा. म्हणजे ती दावेदार झाली असती! मिशांची थट्टा मुळात सातबाऱ्याची थट्टा असावी, असं आता वाटू लागलंय. पुढं महाराष्ट्रानं १९९४ साली आणि केंद्रानं २००५ साली कायदा बदलला, मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क मिळाला. मिशा न फुटताच दावा उभा राहिला. आत्या तीच, नियम बदलला.

फुटबॉलचंही असंच. २०२२-२३च्या इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) मुंबई सिटी ४६ गुणांसह तक्त्यात पहिली, पण करंडक नेला तिसऱ्या आलेल्या एटीके मोहन बागाननं, कारण तिथं तेव्हा तक्त्यानंतर बाद फेरी होती. या नियमानं २०१३चा पुणे एफसी फायनलपर्यंत गेला असता? सांगता येत नाही, आणि ‘खरा’ हा शब्द इथंच माझ्या हातून निसटतो. त्याहून अवघड प्रकरण एफसी पुणे सिटी या वेगळ्या संघाचं. २०१७-१८च्या आयएसएलमध्ये हा संघ चौथा. २०१९ साली त्याची जागा हैदराबादला गेली आणि २०२२ साली हैदराबाद विजेता. आत्या सासरी गेली, तिकडं तिचं भलं झालं. लग्नानं हक्क जात नाही, असं कायदा म्हणतो. पण इथं हक्क सांगायचा कुणी कुणावर: पुण्यानं त्या करंडकावर, की हैदराबादनं त्या चौथ्या क्रमांकावर?