इंजिन भाराला बसवायचं

बास मासे पकडायची बोट घ्यायला आलेला माणूस आधी बोटीचा रंग बघतो आणि मग मागच्या इंजिनाच्या कव्हरवरचा हॉर्सपॉवरचा आकडा. 115, 150, 200, 250. लगेच विचारतो, "किती पळते?" अमेरिकेत, अलाबामातल्या गंटर्सव्हिल तळ्याच्या काठी आउटबोर्ड इंजिनं बसवण्यात माझी बरीच वर्षं गेली. या प्रश्नाचं उत्तर मी जरूर देतो, पण त्या उत्तरावर इंजिन ठरवू देत नाही. आधी मला कळायला हवं असतं, की बोटीत बसणार कोण कोण आणि भरणार काय काय.

टेनेसी नदीवर 1939 साली पूर्ण झालेल्या धरणामागे हे तळं पसरलंय. लांबी सुमारे 75 मैल. काठाकाठाने उथळ पाणी आणि त्यात माजलेलं गवत, म्हणजे बासला दडी मारायला हवी तशी जागा. 'बासमास्टर क्लासिक' ही या खेळातली मानाची स्पर्धा इथे 1976, 2014 आणि 2020 साली झाली. व्यावसायिक खेळाडूंच्या बोटी वीस-एकवीस फुटी असतात आणि मागे 250 हॉर्सपॉवर. तेच चित्र डोळ्यांपुढे ठेवून माणसं सतरा फुटी बोट घ्यायला येतात.

त्यांना मी आधी बोटीच्या आतली छोटी पाटी वाचायला लावतो. 20 फुटांपेक्षा लहान बोटींना ती इथे कायद्याने लागते. किती माणसं, एकूण किती वजन आणि जास्तीत जास्त किती हॉर्सपॉवर, हे तिच्यावर लिहिलेलं असतं. हॉर्सपॉवरचा हिशेब साधा आहे. बोटीची लांबी आणि मागच्या बाजूची रुंदी फुटांत मोजून गुणायची. चाकाने वळवायची बोट असेल आणि मागची फळी किमान 20 इंच उंच असेल, तर त्या गुणाकाराची दुप्पट करून 90 वजा करायचे. 17 फूट लांब आणि 7 फूट रुंद बोटीचा गुणाकार 119, दुप्पट 238, वजा 90 म्हणजे 148. पुढच्या पाचाच्या पटीत नेलं की 150. याच्या वर जायचं नाही. विमा कंपनी हात वर करते, आणि काही राज्यांत तो गुन्हाही ठरतो. पण पाटी सांगते ती वरची हद्द. हद्दीच्या आत काय निवडायचं, ते आपल्याला ठरवावं लागतं.

इथे वेगाचं गणित कामी येतं. पाण्यावर चढून धावणाऱ्या बोटीचा वेग हॉर्सपॉवरच्या नव्हे, तर त्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. 115 च्या जागी 150 बसवलं, तर ताकद तीस टक्के वाढते आणि वेग जेमतेम चौदा. ताशी 45 मैलांची बोट 51 वर जाते. दहा मैल जायला सव्वातेराऐवजी पावणेबारा मिनिटं लागतात. दीड मिनिटासाठी कोणी एवढे पैसे मोजू नयेत, असं मी तोंडावर सांगतो.

तरीही कित्येकांना मी मोठंच इंजिन घ्यायला लावतो, कारण भार. मासे जिवंत ठेवायच्या तीस गॅलनच्या टाकीतलं पाणीच एकशे तेरा किलो भरतं. बोट हळू सरकवणाऱ्या पुढच्या छोट्या विजेच्या मोटरच्या, म्हणजे ट्रोलिंग मोटरच्या, तीन बॅटऱ्या साध्या असतील, तर नव्वदेक किलो. वर पेट्रोल, गळ-आमिषांच्या पेट्या, नांगर, आणि माणसं. दुकानात रिकामी उभी असलेली बोट आणि शनिवारी पहाटे पाण्यात उतरणारी बोट, या दोन वेगळ्या बोटी आहेत.

म्हणून चाचणी मी भरल्या बोटीचीच घेतो. चालवणारा पडला तर इंजिन बंद करणाऱ्या किल-स्विचची दोरी जाकिटाला अडकवतो आणि थ्रॉटल पूर्ण पुढे ढकलतो. बोटीचं पुढचं टोक वर उठतं, समोरचं पाणी दिसेनासं होतं, मागची बाजू खड्ड्यात बसल्यासारखी खाली जाते. मग बोट स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढते, टोक खाली येतं, समोरचा काठ पुन्हा दिसतो आणि इंजिनाचा कोंडलेला आवाज मोकळा होतो. हे चार-पाच सेकंदांत झालं, तर इंजिन पुरेसं आहे. दहा सेकंद टोक आभाळाकडेच राहिलं, तर तेवढा वेळ चालवणारा आंधळा असतो, आणि समोर एखादी लहान होडी असू शकते.

जवळच्या हंट्सव्हिल शहरात नोकरी करणारा एक पुण्याचा मुलगा अशीच सतरा फुटी बोट घेऊन आला. पाटीवर 150, मागे 115. "काका, एवढं पुरेल ना?"

"दोघं जाणार असाल तर छान पुरेल. आणखी कोण येणार?"

"आई-बाबा येतायत उन्हाळ्यात. बायको, मुलगी."

वजनाची हद्द पाटीवर बघितली, ती सांभाळून तेवढा भार चढवला आणि पाण्यात गेलो. बोट चढली, पण फार उशिरा. थ्रॉटल जरा मागे घेतला, की पुन्हा बसायची. मधल्या पात्रात वारा उठला, की लाटांवर वेग कमी करावाच लागतो. तेव्हाही बोट पाण्यावर चढलेली टिकायला हवी. त्याला मी 150 सुचवलं. ते वजनाने चाळीसेक किलो जास्त असतं, तेही हिशेबात धरलं. आता तीच भरलेली बोट इंजिनाच्या मिनिटाला 4000 फेऱ्यांच्या आसपास निवांत धावते.

इंजिन ठरलं तरी काम संपत नाही, पंखा राहतो. पंख्याचा पिच म्हणजे गाडीचा गिअर: घाट चढायचा तर खालचा हवा. पिच एक इंच कमी केला, की फेऱ्या दीडशे-दोनशेनी वाढतात. बहुतेक चार-स्ट्रोक इंजिनांना पूर्ण थ्रॉटलवर 5000 ते 6000 फेऱ्या हव्या असतात. भरल्या बोटीत टॅकोमीटर 4700 वर अडकला, तर इंजिन ओढून ओढून चाललंय. ते अशाने लवकर झिजतं. कित्येकदा नवं इंजिन न घेता नुसता पंखा बदलून भागतं. ते आधी करून बघायचं. गिऱ्हाइकाचे हजारो डॉलर वाचतात, आणि तो पुढच्या वेळी आपल्याकडेच येतो.

बास पकडणारा माणूस दिवसातला बहुतेक वेळ मोठं इंजिन बंद ठेवून, ट्रोलिंग मोटरवर गवताच्या कडेकडेने सरकत असतो. मोठ्या इंजिनाचं काम आहे सगळ्यांना तिथवर नेण्याचं आणि वारा सुटल्यावर परत आणण्याचं. तेव्हा बोटीत जी माणसं असतील, त्यांची वजनं आधी कागदावर मांडा. आकडा त्या बेरजेतून निघू दे.