चरचर

आईच्या स्तवनांची कॅसेट लावली की आवाज चरचरायचा. मला वाटायचं, कॅसेटच झिजली.

ह्यांनी पुण्याहून जुने प्लॅनर स्पीकर आणले होते. दाराच्या फळीएवढे उंच, आत खोकं नाही की कागदी शंकू नाही. पातळ पडद्यावर तारा चिकटवलेल्या, जवळ लोहचुंबकाच्या पट्ट्या. तारेतून करंट गेला की अख्खा पडदा हलतो. इंग्लंडात पीटर वॉकरनी १९५७ साली असाच पडद्याचा स्पीकर बाजारात आणला. त्यात लोहचुंबकाऐवजी विजेचा दाब, एवढंच.

पर्युषण संपल्यावर आम्ही कापड उतरवलं. खालच्या तारा सुटून पडद्यावर थडथडत होत्या. ह्यांचे हात थरथरतात, म्हणून ब्रश मी घेतला. जुना गोंद पुसून एकेक तार बसवली. भरतकाम केलेल्या बाईला ह्यात काय अवघड? मुलानं कपॅसिटर बदलले. संकेश्वरातल्याच सुतारानं सागवानी चौकट केली. आवाज मागूनही येतो, म्हणून स्पीकर भिंतीपासून तीन फूट पुढं ओढले. सासूबाई म्हणाल्या, "मग आता माणसांनी बसायचं कुठं गं?"

रात्री कॅसेट लावली. चरचर गेली होती. दोन ओळींच्या मधे आईला लागलेली धाप स्पष्ट ऐकू आली. त्या वर्षी विचारलं तर म्हणायची, "मला काय झालंय? बरी हाय की."