आधी एकाचं शोधा, मग चौघांचं!

विमानाच्या तिकिटाला एक भाव नसतोच मुळी! हे कळल्यापासून भेटेल त्याला मी तेच सांगत सुटलेय.

झालं काय, आम्हा चौघांना पुण्याहून दिल्लीला जायचं होतं. चौघांसाठी शोधलं तेव्हा माणशी भाव चांगलाच चढा दिसला. सहज प्रवासी एकच केला, तर त्याच विमानाचं तिकीट स्वस्त! दोघांचं पाहिलं, तरी स्वस्त. तिसरा घातला की टुणकन वर! मी घरातल्या सगळ्यांना हाका मारून ही जादू दाखवली.

यामागचं कारण तर त्याहून भारी. इकॉनॉमीतल्या सारख्याच खुर्च्या कंपनी वेगवेगळ्या भावांच्या गटांत वाटते आणि गटांना इंग्रजी अक्षरं देते. खालचा गट संपला की वरचा भाव लागू. स्वस्त गटात दोनच जागा उरल्या असतील आणि आपण चार मागितल्या, तर बहुतेक वेळा चौघांनाही वरचाच भाव लागतो!

ही करामत अमेरिकेतली. तिथे 1978 साली विमानभाड्यावरचं सरकारी नियंत्रण उठवणारा कायदा झाला. पुढे 1985 मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या रॉबर्ट क्रँडल यांनी संगणकाच्या हिशेबावर स्वस्त तिकिटं बाजारात आणली: आधी ठरवणाऱ्याला सवलत, ऐनवेळी धावणाऱ्याला पूर्ण भाडं. संध्याकाळी मंडईत मेथीची जुडी स्वस्त होते ना, इथे नेमकं उलटं! शेवटच्या घटकेला येणारा बहुधा कामाचा माणूस असतो, तो कितीही मोजतो.

म्हणून ‘मंगळवारी मध्यरात्री तिकीट काढा’ वगैरे मंत्र विसरा. भाव ठरतो तो जागा किती उरल्या आणि मागणी किती आहे, यावर. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं आणि आपण पहिल्याच सकाळी तुटून पडतो. विमानाची विक्री कित्येक महिने आधी सुरू होते, पण पहिल्या दिवसाचा भाव सगळ्यात कमी असेलच असं नाही. दिवाळी, नाताळ किंवा मे महिन्याची सुट्टी असेल तर मात्र दोन-तीन महिने आधीच काढा. एरवी महिना-दीड महिना आधी बघायला लागा. शेवटच्या दोन आठवड्यांवर भिस्त नको. गूगल फ्लाइट्सवर तारखांचा तक्ता उघडा. एक दिवस पुढे-मागे सरकलात तरी केवढा फरक पडतो! तिथेच भावाची सूचना लावून ठेवा, उतरला की ईमेल येतो.

एक मात्र सांभाळा. स्वस्त जागा साधायला दोघादोघांची तिकिटं दोन पीएनआरवर, म्हणजे दोन वेगळ्या आरक्षण क्रमांकांवर, काढली आणि विमान रद्द झालं, तर दोघे एका विमानात नि दोघे दुसऱ्या, असं होऊ शकतं. लहान मूल किंवा आजी-आजोबा बरोबर असतील तर चार पैसे जास्त गेले तरी चालतील, पण सगळे एकाच पीएनआरवर ठेवा. बाकीच्यांनी पुढचं तिकीट काढताना प्रवासी एक करून बघाच!