जोरात बोललं की पोचतं?

आपल्या पिढीचा सगळ्यात मोठा व्हिलन कोण? बॉस? छे! राउटरशेजारच्या डब्यावर लुकलुकणारा ‘एलओएस’चा लाल दिवा. लॉस ऑफ सिग्नल. प्रेझेंटेशन ऐन रंगात आलेलं असतं आणि हा पठ्ठ्या लाल होतो. मग केबलवाल्याला फोन, थोड्या शिव्या, मोबाइलचा हॉटस्पॉट... सगळं रीतसर!

पण सिग्नल ‘लॉस’ होतो म्हणजे नेमकं काय होतं, हा प्रश्न मला पुण्यात कधी पडला नव्हता. तो पडला राजूरमुळे.

राजूर म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातलं, वणी तालुक्यातलं माझं गाव. कोळशाच्या खाणीचं आणि चुन्याच्या भट्ट्यांचं. आमच्याकडे धूळसुद्धा दोन रंगांत मिळते, काळी आणि पांढरी. बाबा खाणीत होते, आता रिटायर्ड. यंत्रांच्या घरघरीत आयुष्य गेलेल्या माणसाचा फंडा एकच : ऐकू येत नसेल तर आणखी जोरात बोला. फोनवरचं पहिलं वाक्य ठरलेलं, ‘‘काऊन रे, आवाज नाही येऊन राह्यला! जोरानं बोल ना!’’ मग मीही ओरडायचो. शेजाऱ्यांना वाटायचं, याच्या घरी रोज रात्री भांडण असतं.

दोन वर्षांपूर्वी घरी फायबर आलं, आणि मी या काचेच्या तंतूच्या मागेच लागलो.

गंमत बघा. अख्खा तंतू केसाच्या जाडीचा, आणि प्रकाश धावतो तो त्याच्या मधल्या गाभ्यातून. तो गाभा जेमतेम 9 मायक्रॉनचा! काच पुरेशी शुद्ध केली तर प्रकाश लांबवर नेता येईल, हे 1966 साली चार्ल्स काव आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी मांडलं. काव यांना 2009 साली त्याबद्दल नोबेल मिळालं. आजची काच इतकी स्वच्छ असते, की प्रकाश निम्मा व्हायला साधारण 15 किलोमीटर लागतात. तरीही तो विखुरतोच. आकाश निळं दिसतं ते ज्या विखुरण्यामुळे, तेच हे. राजूर ते पुणे अंतर 500 किलोमीटरहून जास्त. वाटेत काहीच मदत मिळाली नाही, तर 500 किलोमीटरवर हजार कोटींतला एक भाग उरेल.

मग सोपंय की! सुरुवातीलाच लेझर जोरात मारायचा. बाबांचाच फंडा.

इथेच तर खरी गोम आहे. प्रकाश फार तीव्र झाला की काचेचा गुणधर्मच किंचित बदलतो. याला ‘कर इफेक्ट’ म्हणतात. मग प्रकाश स्वतःच स्वतःला बिघडवायला लागतो. त्यात एकाच तंतूतून प्रकाशाचे कितीतरी ‘रंग’ एकदम धावत असतात, प्रत्येकाकडे वेगळा डेटा. सगळ्यांनी आवाज चढवला की त्यांच्या भांडणातून नवेच रंग जन्मतात आणि शेजाऱ्याच्या जागेवर जाऊन बसतात. लग्नाच्या मांडवात सगळेच ओरडायला लागले तर काय होईल, तसंच! म्हणून वाटेत साधारण 80-100 किलोमीटरवर अर्बियमचे अ‍ॅम्प्लिफायर लावतात. पण तेही सिग्नलबरोबर त्यातली खरखर वाढवतात, वर स्वतःची थोडी घालतात. म्हणजे फार हळू बोललात तर खरखरीत बुडाल, फार जोरात बोललात तर शब्दच बिघडतील. इंजिनिअर मंडळी मधली पट्टी शोधतात.

आणखी एक त्रास म्हणजे डिस्पर्शन. प्रकाशाचा ठिपका धावता धावता पसरतो आणि पुढच्या ठिपक्यात मिसळतो. तो शून्यावर आणला तर मस्त, असं वाटतं ना? पण मग सगळे रंग एका चालीत चालतात आणि एकमेकांना जास्तच छळतात. म्हणून लांबच्या लाइनमध्ये थोडं डिस्पर्शन मुद्दाम ठेवतात. एकत्र कुटुंबात राहिलेल्यांना हे समजावून सांगायची गरज नाही!

राजूरच्या आमच्या घरातली भानगड मात्र फारच साधी निघाली. दिवा लाल झाला, तेव्हा आलेल्या पोरानं कनेक्टर काढला, छोट्या स्कोपमधून पाहिला आणि हसला. आत धुळीचा एक कण होता. 9 मायक्रॉनच्या दारात एवढा दगड पडला तर प्रकाश जाणार कुठून? पुसलं, झालं. शिवाय बाबांनी कपाटामागे वायर खिळे ठोकून शिस्तीत काटकोनात वळवलेली. फार वाकवलं की प्रकाश वळणावर बाहेर गळतो. तीही त्यानं ऐसपैस वळवून दिली.

तेव्हापासून व्हिडिओ कॉल स्वच्छ आहे. बाबांना ओरडावं लागत नाही. आणि ते हळू बोलायला लागले, तेव्हा मला वाक्यांच्या मधला खोकला ऐकू आला. ओरडण्याच्या नादात तो झाकला जायचा. अ‍ॅपमध्ये बोलण्याखेरीजचा आवाज ‘नॉइज’ समजून काढून टाकायची सोय असते. बाबांच्या फोनवरची ती मी दिवाळीत बंद करून आलो. यंत्राच्या लेखी ती खरखर असेल, माझ्यासाठी तीच बातमी आहे.

पुढच्या आठवड्यात त्यांना नागपूरला दाखवायला नेतोय. ‘‘काही नाही झालं मले,’’ असं म्हणतायत. पण हळू म्हणतायत, त्यामुळे दम कुठे लागतो ते नीट कळतं.