माळावरची काळविटे

प्रवासवर्णन म्हटले म्हणजे काशी-रामेश्वर, निदान महाबळेश्वर तरी असावे, अशी वाचकांची सहज अपेक्षा असते. आमचा हा प्रवास तितका लांबचा नाही. नांदेडाहून निघून लोहा-माळेगावावरून अहमदपूर तालुक्यातील आमच्या वडिलार्जित शेतापर्यंत, म्हणजे पुरता पंचवीस कोसांचाही नव्हे. तथापि आमच्या पासष्ट वर्षांच्या आयुष्यात जे काही प्रवास घडले, त्यांत हाच करावयास सर्वांत अधिक धैर्य लागले. कारण पुढे येईलच.

निमित्त झाले नातवाच्या मुंजीचे. येत्या वैशाखात त्याचे व्रतबंधन करावयाचे ठरल्यावर घरातील जुन्या पेट्या उघडण्यात आल्या. सोवळी, ताम्हने, पळी-पंचपात्री असे एकेक निघता निघता तळाशी आमच्या तीर्थरूपांचे मृगाजिन निघाले. आश्वलायन गृह्यसूत्रात ब्राह्मण बटूस एणाचे, म्हणजे काळविटाचे अजिन सांगितले आहे, व त्यास अनुसरून जानव्यासोबत त्याचा लहानसा तुकडा बांधण्याची चाल आपल्याकडे होती. तीर्थरूप या अजिनावर बसून तीस वर्षे संध्या करीत असत. सूनबाईंनी ते झटकून उन्हात टाकले, आणि नातवाने विचारले, "आजोबा, ह्याला कोणी मारले?"

पोरांच्या प्रश्नांना उत्तरे देऊनच आम्ही जन्मभर पोट भरले. परंतु या प्रश्नापुढे जीभ अडली. "आधी जिवंत दाखवितो, मग सांगतो," एवढे म्हणून वेळ मारून नेली.

मार्गशीर्षातील अमावास्येस आमच्या भागात वेळ अमावास्या, गावच्या तोंडी येळवस, असा सण असतो. लातूर व धाराशिव जिल्हे आणि नांदेडाचा काही भाग सोडला तर इतर महाराष्ट्रास हा फारसा ठाऊक नाही. या दिवशी गावे ओस पडतात आणि शेते भरतात. ज्वारीच्या कडब्याची कोप उभारून तिच्यात पाच पांडव मांडावयाचे, त्यांची पूजा करावयाची, उभ्या पिकावर आंबील शिंपडावयाची, आणि मग भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील यांवर ताव मारावयाचा. वाटेने जाणारा अनोळखी मनुष्य दिसला तरी त्यास हाक मारून जेवावयास बसविल्याशिवाय सोडीत नाहीत. आमचे धाकटे बंधू शेत पाहतात. त्यांचे दरवर्षी बोलावणे असते व आम्ही दरवर्षी काही ना काही सबब सांगतो. या खेपेस मात्र लहानथोर मिळून एकोणीस माणसे दोन भाड्याच्या गाड्यांत भरून आम्ही निघालो.

आदल्या दिवशी वाटेत माळेगावी उतरलो. तेथील खंडोबाची यात्रा याच सुमारास भरते. घोडे, गाढवे, उंट यांचा केवढा बाजार! भटक्या जमातींची माणसे कोठकोठून येऊन येथे उतरतात. मुलांना उंटापासून ओढून काढता काढता संध्याकाळ झाली, म्हणून यात्रेचे वर्णन येथेच आटोपते घेतो.

रात्री वाड्यात जेवताना आम्ही बंधूंजवळ काळविटांची गोष्ट काढली. ते एकदम उसळले. "दादा, तुम्ही पाहुणे म्हणून येता तेव्हा हरणे गोजिरवाणी. सोयाबीन उगवते तेव्हा या, हरभरा दोन पानांवर असतो तेव्हा या. कळप एका रात्रीत कोवळे शेंडे खुडून नेतो. रोही वेगळे, रानडुकरे वेगळी. सरकार भरपाई देते खरे. पण पंचनाम्याचे कागद गोळा करता करता अर्धी भरपाई वाटखर्चात जाते." वहिनी हळूच म्हणाल्या, "गेल्या पावसाळ्यात पंधरा रात्री हे माळ्यावर निजले." आम्ही पानातील भात कालवीत राहिलो. पेन्शनीवर जगणाऱ्याने पिकाच्या राखणदाराला भूतदया शिकविणे सोपे असते. मनुस्मृतीत, कृष्णसार मृग जेथे स्वभावतः फिरतो तो देश यज्ञास योग्य, असे म्हटले आहे. ते वचन आमच्या ओठांवर आले होते. सुदैवाने तेथेच राहिले.

वाट दाखविण्यास बंधूंनी एका वृद्ध गृहस्थांस बोलाविले होते. ते फासेपारधी समाजाचे असून वयाने आमच्याहून पाचसात वर्षांनी वडील. घरात सारे त्यांना तात्या म्हणतात. हल्ली ते दोन-तीन शेतकऱ्यांच्या पिकांची राखण करतात. त्यांच्या पूर्वजांची विद्या मोठी अद्भुत. तातीचे फासे मांडणे, शिकविलेल्या गाईच्या आडोशाने पाखरापर्यंत पोचणे, तित्तिराचा आवाज काढून तित्तिरास बोलाविणे, हे सर्व त्यांना येत असे. इंग्रज सरकारने १८७१ साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविल्या. तो कायदा स्वतंत्र भारताने १९५२ साली रद्द केला, परंतु लोकांच्या मनातून तो अद्याप गेलेला नाही.

अमावास्येच्या पहाटे आम्ही निघालो. थंडी कडाक्याची होती. तात्यांनी मोटार नको म्हणून सांगितले. "गुर्जी, बैलगाडीला हरण भीत न्हाई. रोजच बघतंय ते." हे ऐकून आम्हांस गंमत वाटली, कारण कोल्हापूरसारख्या संस्थानांत चित्ते सोडून काळविटांची शिकार करीत, तेव्हा चित्त्यास डोळ्यांवर झापड बांधून बैलगाडीतूनच कळपाजवळ नेत असत. युक्ती एकच, हेतू तेवढा निराळा. पुढे आपल्याकडचे चित्ते नष्ट झाले. १९४७ साली मध्य भारतातील कोरियाच्या महाराजांनी एका रात्रीत तीन मारले, तेच बहुधा शेवटचे. १९५२ मध्ये ही जात भारतातून लुप्त झाल्याचे जाहीर झाले. नामिबियातून आणलेले आठ चित्ते कुनोच्या जंगलात सोडले ते १७ सप्टेंबर २०२२ रोजी. आणि १७ सप्टेंबर हा तर आमचा मराठवाडा मुक्तिदिन! तारखा पाठ करविणाऱ्या मास्तरास असला योग सुटत नाही, वाचकांनी क्षमा करावी.

गाडीत दोन नातवंडे, सूनबाई, आम्ही व हाकावयास बंधू. तात्या पायी पुढे. बालाघाटाच्या पठारावरील हा माळ म्हणजे मुरूम, काळे दगड आणि गुडघाभर कुसळी गवत. मधून मधून बोर, बाभूळ, तरवड. लातूर जिल्ह्यात वनक्षेत्र शेकडा एकाहूनही कमी, म्हणून जो तो येथे झाडे लावा म्हणतो. पण काळविटाला झाड नको, मोकळा माळ हवा. त्याचे रक्षण त्याचे डोळे आणि त्याचे पाय करतात. प्रसंगी ते ताशी ऐंशी किलोमीटरांच्या वेगाने धावते. दाट झाडी लावून आपण त्याचे घर मोडतो, आणि त्यालाच पडीक जमीन सुधारली असे म्हणतो. अहिल्यानगर जिल्ह्यात कर्जतजवळ रेहेकुरी येथे काळविटांसाठी १९८० साली अभयारण्य झाले. आमच्या माळाला असले काही नाव नाही.

तात्यांनी मूठभर माती उडवून वारा पाहिला व हाताने वळसा घालण्याची खूण केली. एके ठिकाणी लेंड्यांचा मोठा ढीग दिसला. नर आपल्या हद्दीच्या खुणा अशा ढिगांनी करतो, रोज तेथेच येतो, असे त्यांनी सांगितले. पूर्वी फासा मांडण्याची जागा हीच.

आणि उताराखाली कळप दिसला.

नातीने मोजली ती तेवीस. माद्या व पोरे तांबूस, पोटाशी पांढरी, शिंगांवाचून. त्यांच्यापासून जरा बाजूला एकटा नर होता. पाठ काळीभोर, डोळ्यांभोवती पांढरी वर्तुळे, आणि पीळ घातलेली ती दोन शिंगे. सांबर-चितळांची शिंगे वर्षास गळतात. याची जन्मभर तीच, व त्यांना फांदी फुटत नाही. म्हणून प्राणिशास्त्रज्ञ यास खऱ्या हरणांत गणीत नाहीत. तो नाक आभाळाकडे करून, कान पाडून, शेपूट वळवून एका मादीभोवती असा मिरवीत चालला होता, की सूनबाईंना हसू आवरेना. आम्ही चाळीस वर्षे शाकुंतलाचा पहिला अंक शिकविला. दुष्यंताच्या रथापुढे धावणारा मृग फळ्यावर कितीदा समजावून दिला. पण मृग असा शांतपणे उभा राहिलेला आम्ही त्या सकाळी, साठ वर्षांत दुसऱ्यांदा पाहिला.

पहिली खेप १९७० सालची. तेव्हा आम्ही दहा वर्षांचे होतो. तीर्थरूपांच्या ओळखीचे कोणी अधिकारी मोठ्या शहरातून जीप व बंदुका घेऊन आले होते. परवाना होता की नाही, हे विचारण्याची गावात कोणाची छाती नव्हती. कळप पाण्यावर कोठे येतो हे गुरे राखणाऱ्या पोरांना माहीत, आणि त्यांच्यात आम्ही खेळत असू. तीर्थरूपांनी आम्हांस जीपमध्ये बसविले. जीपमध्ये बसावयास मिळाले, या आनंदात आम्ही बोटाने ओढ्याचे वळण दाखविले. काळवीट उभे होते, तसेच. बार झाला. बाकीची हरणे हवेत उंच उंच उड्या घेत गेली, आणि ते मात्र मागचे पाय ओढीत बराच वेळ पुढे सरकत होते. मांस ते लोक घेऊन गेले. आमच्या घरात मांसाचे नावही निषिद्ध. चार महिन्यांनी कमावलेले कातडे तेवढे भेट म्हणून आले, व तीर्थरूपांनी ते गोमूत्राने शुद्ध करून देवघरात अंथरले. १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला, काळवीट त्याच्या पहिल्या अनुसूचीत गेले, आणि पुढे शिकारीस तीन ते सात वर्षे कारावासाची शिक्षा आली. कातडे दाखल्यावाचून घरात ठेवणे हाही गुन्हाच. ते आम्हांस कित्येक वर्षे ठाऊक होते, व पेटीवर दुसरी पेटी ठेवून आम्ही ते विसरलो होतो.

हे सारे आम्ही तेथेच, गाडीच्या चाकाला टेकून, हळू आवाजात सांगितले. बंधूंनाही ते प्रथमच कळत होते. नातू गप्प राहिला. तात्यांनी विचारले, "कातडं काळं का तांबडं?"

"काळे."

"मंग नर. नर गेला तर दुसरा येतो. मादी असती तर पोटातलं बी गेलं असतं." थोडा वेळ थांबून ते म्हणाले, "आमच्या लहानपणी कुठं हरणाचं हाड जरी घावलं तर पहिल्यांदा आमच्या पालावर येत. बापाला उचलून नेत. म्या तवा गुर्जी तुमच्याच वयाचा आसंन."

त्यांच्या स्वरात राग नव्हता. आम्हांस मात्र ती आठ वाजताची थंडी एकाएकी सोसवेना. इतक्यात दूर कोठे कुत्री भुंकली, नराने मान वर केली, आणि सारा कळप एकामागून एक उसळत उताराच्या पलीकडे गेला. दिशा पाहून बंधू पुटपुटले, "चालली आमच्याच हरभऱ्यावर!" पण हाकारा करण्यास ते उठले नाहीत.

दुपारी कोपीत पाने मांडली. तात्या पाहुणचाराला नको नको म्हणत बांधावरच बसले होते. आमच्या सौभाग्यवती स्वतः उठून गेल्या व "वन्सं, भाऊजी सगळे बसले आहेत, तुमच्यावाचून पान अडले आहे," असे म्हणून त्यांना घेऊन आल्या. ते आमच्या शेजारी बसले. भज्जी त्यांनी तीनदा मागून घेतली.

नांदेडास परतल्यावर अजिन मुंजीत वापरावयाचे नाही, वनखात्याच्या स्वाधीन करावयाचे, असे घरात एकमताने ठरले. अर्ज आम्हीच लिहावयास घेतला. कातडे घरी कसे आले, या ठिकाणी आम्ही सवयीने "पूर्वापार चालत आलेले" असे लिहिले. नातू खांद्यावरून वाचीत होता.

"आजोबा, पूर्वापार म्हणजे किती?"

आम्ही ती ओळ खोडली, आणि त्याखाली सन १९७०, गावाचे नाव, ओढ्याचे वळण, व जागा दाखविणाऱ्याचे म्हणून आमचे स्वतःचे नाव लिहिले.